काचेच्या खोलीबाहेरच्या चपला

वर्ध्याहून सेलूकडे निघालेल्या एसटीत खिडकीजवळची जागा एका खोक्यानं धरली होती. खोकं ऐटीत बसलेलं, आणि खोक्याचा मालक शेजारच्या जागेवर अंग चोरून. बाहेर श्रावणाची झिमझिम होती. खिडकीची काच अर्धीच होती, म्हणून त्यानं आपला रेनकोट खोक्याला घातला होता. बाह्यासुद्धा नीट गुंडाळल्या होत्या. स्वतः मात्र असा भिजला होता की कानाच्या पाळीवरून पाणी ठिबकत होतं.

आचल ताकसांडे छत्री मिटत आत चढली. वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेतून निघून रोज ह्याच गाडीनं ती सेलूला बँकेत जायची. आज गाडीत एकच जागा होती, तीही खोक्याची.

"हे उचला," ती म्हणाली.

"नाई उचलता येत, म्याडम."

"जड आहे?"

"नाजूक आहे."

"मंग त्याचं तिकीट काढलं असंन ना तुमी?"

कंडक्टरनं मान वळवली. "बरी आठवण केली ताईनं. काढा भाऊ, लगेज काढा."

त्यानं मुकाट पैसे दिले. मग खोकं उचलून मांडीवर घेतलं आणि सरकून तिला खिडकी दिली. गाडी खड्ड्यातून गेली की खोक्याचा कोपरा तिच्या कोपराला लागे. दर वेळी तो हळूच विचारी, "लागलं काय?"

"कोणाले विचारून राह्यले? मले, का खोक्याले?"

"...दोघालेही."

आचलनं तोंड खिडकीकडे फिरवलं. हसू आलं तर ते पळत्या शेतांना दाखवावं, परक्या माणसाला कशाला?

सेलूच्या स्टँडवर ती उतरली. तोही उतरला. ती वळली, तोही वळला. बाजाराच्या गल्लीत शिरताना तिनं थांबून विचारलं, "माझ्यामागं काऊन येऊन राह्यले तुमी?"

"मी बँकेच्या मागं येऊन राह्यलो," तो म्हणाला. "बोरतीर नागरी सहकारी. इकडंच आहे ना?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हेड ऑफिसनं नवा कॉम्प्युटर अधिकारी पाठवला आहे असं मॅनेजर म्हणाले होते, तो हाच, आणि खोक्यातही कॉम्प्युटरचंच काहीतरी असणार. तिनं छत्री उघडली आणि त्याच्या बाजूला धरली.

"तुमच्यासाठी नाई," ती म्हणाली. "खोक्यासाठी."

*

त्याचं नाव भूपेंद्र थूल. गाव केळझर, शिक्षण नागपूरचं. नोकरी अजून कायम झाली नव्हती. जानेवारीत व्हायची होती, आणि ती तोवरच्या कामावर ठरायची होती.

शाखा लहान होती. मॅनेजर किसनराव, कर्जाच्या टेबलावर दीपमाला, बचत खात्यांच्या खिडकीवर आचल, आणि कागद इकडून तिकडे नेणारे, पेन्शनीला टेकलेले श्रावणभाऊ. कॉम्प्युटर आधीच आले होते, पण वागणं जुनंच होतं. सगळी शाखा एकाच पासवर्डवर चालायची. एका विहिरीवर एकच दोर, ज्याला तहान लागली त्यानं सोडावा. तो पासवर्ड म्हणजे किसनरावांच्या नातीचं नाव, आणि ते चहावाल्यालाही ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी भूपेंद्रनं सगळ्यांना बसवून समजावलं. "दिवाळी झाली की रिझर्व्ह बँकेची तपासणी आहे. आता ज्याचा पासवर्ड त्याच्याजवळ. ज्याचं जेवढं काम, तेवढंच त्याले दिसंन. आन् लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. आपण लिहिलेलं आपणच पास करायचं नाई."

"म्हणजे रांधणारीनं चव पाहू नये?" किसनरावांनी विचारलं.

"पाहावी ना साहेब. पण मीठ बरोबर पडलं, हे दुसऱ्यानं सांगावं."

मागच्या अंगाला काचेची एक खोली होती. तिच्यात मोठं मशीन आणि शाखेतला एकुलता एक एसी होता. धूळ आत जाऊ नये म्हणून दाराबाहेर चपला काढायचा नियम होता. तिथं बसून भूपेंद्र प्रत्येकाला त्याचे हक्क वाटू लागला. कोणी काय पाहावं, काय लिहावं, काय पास करावं, हे ठरवणाऱ्या बारक्या चौकटी पडद्यावर होत्या. देवळातला पुजारी प्रसाद वाटतो तशा शांतपणानं तो खुणा करत होता.

आचलची पाळी आली तेव्हा ती चप्पल काढून आत गेली. फरशी थंडगार होती. त्यानं कळफलक तिच्याकडे सरकवला आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"मनातला एक शब्द टाका," तो भिंतीला म्हणाला. "कोणाले सांगायचा नाई. आईलेही नाई. मलेही नाई."

"तुमाले काऊन नाई? तुमी तं देणारे."

"मी दार देतो, म्याडम. किल्ली तुमची."

"आन् मी इसरली तं?"

"तं मले बोलवा. नवी करून देईन... पण जुनी कोणती होती, हे मले तवाही समजणार नाई."

ती शब्द टाकत असताना तो भिंतीकडेच पाहत राहिला. मानेवर पावसाचा एक थेंब अजून सुकला नव्हता. आचलनं दोनदा चुकीचं बटण दाबलं.

माणसं कमी, म्हणून बचत खात्यांच्या नोंदी तपासायचं कामही त्याच्याकडेच आलं. म्हणजे असं की आचलनं खिडकीवर एखाद्याचे पैसे काढण्याची नोंद केली की ती काचेमागच्या त्याच्या पडद्यावर उमटायची. श्रावणभाऊ स्लिप नेऊन द्यायचे. तो सही जुळवायचा, आकडा पाहायचा, पास करायचा आणि काचेतून हनुवटी जराशी वर उचलायचा. झालं, असं सांगायला. पडद्यावर तेच उमटायचं, तेव्हा हनुवटीची गरज नव्हती. पण भूपेंद्र उचलायचा आणि आचल पाहायची.

भादवा सरला, आश्विन लागला. पत्र्यावर परतीचा पाऊस वाजत असताना आचल नोंद करायची आणि मान वर करून वाट पाहायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, झालं काय?" ती म्हणायची, "होते, थांबा." त्या थांबण्यात काय गोडी होती, ते त्या गिऱ्हाइकाला काय कळणार?

एकदा त्यानं स्लिप परत पाठवली. ती चप्पल काढून काचेच्या दारात उभी राहिली. "काय चुकलं?"

"सही जरा वाकडी दिसून राह्यली."

"खातेदार सत्तरीचा आहे. हात थरथरते त्याचा."

"अस्सं होय."

"इतकं तं तुमालेही समजते. मंग मले कायले बोलावलं?"

त्याचे कान लाल झाले. त्यानं स्लिप घेतली, पास केली आणि हनुवटी उचलायची विसरला. आचल खिडकीवर परतली तेव्हा चपला उलट्या पायात घातल्या होत्या.

*

दसऱ्यानंतरच्या सोमवारी तिनं पहिली नोंद केली आणि सवयीनं मान वर केली. भूपेंद्र खाली पाहत होता. आवाज दुसरीकडून आला, कर्जाच्या टेबलावरून.

"झालं ग आचल. पास केलं."

"तू? तू कसं पास केलं?"

"आजपासून तुयं काम माझ्याकडं," दीपमाला म्हणाली. "थूल साहेबानं हक्क दिला मले. आन् माझं काम ते पाहतीन."

दीपमाला केळझरचीच. गव्हाळ, बोलकी, हसली की गालाला खळी पडणारी. तिच्या पायात मोरपंखी रंगाच्या सँडल असत, आणि ती चालली की त्या दोन शब्द बोलत. आचलचं आणि तिचं वाकडं कधीच नव्हतं. डबा दोघी एकत्र खायच्या. पण त्या दिवशी आचलला पहिल्यांदा दिसलं, की ही बाई फार हसते.

जेवणाच्या सुट्टीत ती काचेच्या दारात गेली. आत शिरली नाही. "माझं काम चुकते काय?"

"नाई."

"मंग काढून काऊन घेतलं तुमी?"

"काढलं नाई. फक्त तपासणारा बदलला..." त्यानं कळफलकावरची नसलेली धूळ पुसली. "तसंच बरं आहे आता."

"बरं आहे... कोणाले?"

त्यानं तोंड पडद्याकडे वळवलं. बोलला असता तर ती भांडली असती. भांडली असती तर मोकळी झाली असती. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही, आणि आचलच्या छातीत काहीतरी कच्च्या आंब्यासारखं आंबट उतरत गेलं.

पास करायचं काम दीपमालाला नवं होतं. शिकायला ती दिवसातून कितीदा तरी काचेच्या खोलीत जायची. काचेतून बोलणं ऐकू येत नसे, नुसतं हसणं दिसे. आणि ऐकू न येणाऱ्या हसण्यापेक्षा वाईट काही नाही. ऐकणारा त्यात हवा तो विनोद भरतो. दाराबाहेर भूपेंद्रचे बूट असायचे, आणि बुटांना खेटून त्या मोरपंखी सँडल. पाण्याला जाताना आचल तिथून जायची. एकदा कोणी पाहत नाही असं बघून तिनं पायाच्या अंगठ्यानं एक सँडल दूर सारली. मग दुसरी. परत येताना पाहिलं तर बूट एकटे पडलेले, बिचारे. तिला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पुढच्या खेपेला सँडल पुन्हा बुटाला खेटलेल्या होत्या.

"आज गोळाभात आणलता," दीपमाला डबा धूत म्हणाली. "अर्धा साहेबानं खाल्ला. लई दिवसानं गावची चव भेटली म्हणे."

"गोळाभात काय, कोणीही करते."

"करते ना. पण केळझरचं पाणी लागते त्याले. तुमच्या वर्ध्यात नळ आला की भात, नाई आला की उपास."

आचलनं आपल्या डब्यातली पोळी तशीच ठेवली आणि झाकण इतक्या जोरानं लावलं की श्रावणभाऊ दचकून जागे झाले.

घरी भांडी घासतानाही तेच. आई, सुमित्राबाई, अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. "काऊन व माय, भांड्याईनं तुयं काय केलं?"

"काई नाई."

"मंग हळू घास. पोचे येतीन." आई पुन्हा शेंगांत रमली आणि ओठांत गुणगुणू लागली. मोटेवर, तिचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर, काम केलेल्या बायांची ओवी, तिच्या आईकडून आलेली.

मोटंच्या पाण्याले। थारोळं दावी वाट
मनाच्या पाण्याले। कोन बांधील ग पाट...

आचलनं नळ बंद केला. हात ओले तसेच राहिले. पाट बांधणारा बांधतो, आणि एक दिवस न सांगता पाणी दुसरीच्या शेताकडे वळवतो. त्याला आई काय म्हणते? ते त्या ओवीत नव्हतं.

*

दिवाळी झाली. थंडी पडली. गुरुवारी दुपारी किसनराव एका सभासदाच्या घरी बारशाला निघाले. टोपी घालता घालता म्हणाले, "आचल, हेडाफिसचं पत्र छापायचं राह्यलं. माझ्या मशीनवर बसजो आन् छापून ठेवजो. पासवर्ड तुले माहीतच आहे."

"साहेब, तुमी बदलला नाई?"

"बदलला ना. पहिले मोठ्या नातीचं नाव होतं, आता लहानीचं आहे." ते हसले. "आता घरच्या माणसाईपासून काय लपवू मी? तांदुळाच्या डब्याले कोणी कुलूप लावते काय?"

ते गेले. आचल त्यांच्या मशीनवर बसली. पत्र छापलं. उठायला हवं होतं. पण त्याच पडद्यावर, मॅनेजरला उघडणाऱ्या पानांत, ते पान होतं... हक्कांचं.

समोर काचेमागे दीपमाला भूपेंद्रच्या खुर्चीमागे वाकून काहीतरी दाखवत होती. तिची वेणी त्याच्या खांद्याच्या अगदी जवळ लोंबत होती. लागली नव्हती. पण लागेल असं वाटत राहणं लागण्याहून वाईट.

आचलनं पान उघडलं. बारक्या चौकटी, त्यांत खुणा. तिच्या नावापुढे, तपासणार: दीपमाला. तिनं ती खूण काढली आणि भूपेंद्रच्या चौकटीत टाकली. मग हात थांबेना. दीपमालाच्या नावापुढची भूपेंद्रची खूणही काढली आणि तिथं किसनरावांना बसवलं. आता हिला काचेच्या खोलीत जायचं काही कारणच उरलं नाही. तिनं पान मिटलं, पत्रावर शिक्का मारला आणि पदर सारखा करून आपल्या खिडकीवर जाऊन बसली. साधीभोळी, जशी काही पिकल्या बोराचीही चोरी न केलेली.

शुक्रवारी सकाळी तिनं पहिली नोंद केली. ती भूपेंद्रच्या पडद्यावर उमटली. त्यानं झटकन मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्याकडे पाहिलं. आचल हसली. तो हसला नाही. चेहरा उतरला, आणि तो खुर्ची मागे सारून उठलाच... तेवढ्यात बँकेच्या दारात जीप थांबली.

तपासणी आली होती.

*

तपासणीच्या बाई उंच होत्या. केस पिकलेले, आवाज कोरडा. खोलीत जाताना चपला न सांगता काढल्या आणि भिंतीला समांतर लावून ठेवल्या. दुपारपर्यंत त्या कोणाशी जादा शब्द बोलल्या नाहीत. मग सगळ्यांना काचेच्या खोलीच्या दाराशी बोलावलं.

"मॅनेजरसाहेब, काल दुपारी तुमच्या नावानं दोन हक्क बदलले गेलेत. तुम्हीच बदललेत?"

"काल दुपारी?" किसनराव गोंधळले. "काल दुपारी तं मी बारशाले गेलतो, म्याडम."

"मग तुमच्या नावानं कोण बसलं होतं?"

खोलीतला एसी घुरघुरत होता. किसनरावांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांची नोकरी संपायला थोडेच महिने उरले होते, आणि उत्तर त्यांना त्या क्षणी कळलं होतं. ते आचलकडे पाहत नव्हते, यावरूनच तिला ते समजलं.

"मी बसलो होतो," भूपेंद्र म्हणाला.

"तुम्ही? हक्क बदलायचा अधिकार तुम्हाला आहेच. तो सोडून यांच्या नावानं कशाला?"

भूपेंद्र दाराबाहेरच्या आपल्या बुटांकडे पाहू लागला. कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"तुम्ही अजून कायम झालेला नाही ना?" बाई कागद पाहत म्हणाल्या. "हे मला लिहावं लागेल. लिहिलं की पुढं काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे."

आचल दोन पावलं पुढं आली, चप्पल न काढताच, थेट खोलीत.

"ते खोटं बोलून राह्यले, म्याडम. मी केलं."

"का?"

ह्या एका अक्षराला काय सांगावं? सँडलचं सांगावं? वेणीचं? गोळाभाताचं?

"माझं काम यायनंच पाहावं..." तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "असं वाटलं मले."

श्रावणभाऊ खोकले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि भूपेंद्रकडे वळल्या.

"आता तुम्ही सांगा. मुळात यांचं काम तुमच्याकडंच होतं. दसऱ्यानंतर तुम्ही ते स्वतःहून काढून कर्जाच्या टेबलाला दिलंत. त्याचं कारण कुठंच नोंदलेलं नाही. काय कारण होतं?"

भूपेंद्रनं आधी जमिनीकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"म्याडम, मी ह्यांची नोंद तपासतच नव्हतो."

"म्हणजे?"

"सही पाहायले घ्यावी, तं डोळे काचेतून पलीकडं जायचे. ह्या मान वर करून पाहत राह्यच्या. मी आकडा न पाहताच पास करायचो. एकदा ध्यानात आलं, एका स्लिपवर सहीच नव्हती. मी पास केलती. खातेदार दारातच होता, श्रावणभाऊनं पळत जाऊन सही आणली म्हणून निभलं. त्या दिवशी समजलं, आपण ह्यांचे तपासणारे राहू शकत नाई. ज्याच्या मनात माणसाबद्दल काई आहे, त्यानं त्या माणसाचं काम तपासू नये. नियम तसाच आहे ना?"

"तसाच आहे," बाई म्हणाल्या. "पण मग ते लेखी कळवायला हवं होतं. हेड ऑफिसला."

"जिले सांगाचं, तिलेच अजून सांगितलं नाई, म्याडम." भूपेंद्रचा आवाज आता स्थिर होता. "हेडाफिसले पहिले कसं सांगू?"

बाईंनी खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. लिहिताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा जागचा हलला, एवढं किसनरावांनी नंतर शपथेवर सांगितलं.

आचलला मात्र बाई दिसत नव्हत्या. काच दिसत नव्हती. एवढे दिवस तिच्या छातीत साचलेलं सगळं आंबट वितळत होतं, आणि त्याच्याखाली तिला घाबरवील इतकं गोड काहीतरी होतं. तिनं सुख पचवण्यासाठी मान वळवली, तेव्हा तिला दीपमाला दिसली.

दीपमालाच्या गालाला खळी नव्हती. ती कोणाकडेच न पाहता दाराबाहेर गेली, घाईनं सँडल घातल्या आणि माठाकडे गेली. पेला भरला. पाणी प्यायली नाही. पेला हातात धरून खिडकीबाहेर पाहत उभी राहिली.

आचलनं ती पाठ ओळखली. महिनाभर ती स्वतः तशीच उभी राहत होती. म्हणजे आपण उगीच जळत नव्हतो, तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, आता हिची पाळी. ह्या दुसऱ्या विचारानं पहिल्याचा आनंद जागच्या जागी मोडला.

"हक्क परवा होते तसे परत करा," बाई सांगत होत्या. "पासवर्ड सगळ्यांनी आत्ता बदला, मॅनेजरसाहेबांनी सगळ्यात आधी. नातवंडांची नावं नकोत. घडलं ते सगळं मी लिहिणार. मॅनेजरांना आणि ताकसांडेबाईंना लेखी समज मिळेल. थूल, तुम्ही खोटं बोललात, तेही लिहिणार. पण काम स्वतःहून सोडलंत, तेही लिहीन." त्या उठल्या. "आणि जे काही तुमच्या मनात आहे त्याला यांचा होकार असेल, तर दोघांना एका शाखेत राहता येणार नाही. उत्तर मला सांगू नका. माझ्या कामाचं नाही ते."

सगळ्यांनी आचलकडे पाहिलं. तेवढ्यात खिडकीवर कोणीतरी टकटक केली. "बाई, पैसे काढाचे होते." ती धावत खिडकीवर गेली. इतकी धावत ती कोणत्याच गिऱ्हाइकासाठी कधी गेली नव्हती.

संध्याकाळी दीपमाला स्लिप घेऊन तिच्या टेबलाजवळ आली.

"तारीख कालची घातली तू."

"असू दे ना दीपमाला, आज तं..."

"नाई. दुरुस्त कर. मी सोडणार नाई," दीपमाला म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. "मी काई थूल साहेब नाई."

आचलनं तारीख दुरुस्त केली. स्लिप देताना तिनं दीपमालाचं मनगट धरलं. दीपमालानं ते सोडवलं नाही, पण हसलीही नाही. जरा वेळानं म्हणाली, "माझ्या सँडल तूच सरकवायची ना व?"

"हो."

"माहीत होतं मले. म्हणून पुन्हा तिथंच ठेवायची." आणि ती आपल्या टेबलाकडे गेली.

*

स्टँडवर संध्याकाळचं उतरतं ऊन होतं. जिनिंगकडे चाललेल्या कापसाच्या बैलबंड्यांमधून पुंजके उडत होते आणि माणसांच्या डोक्यावर, खांद्यावर बसत होते. आचल बाकाच्या टोकाला बसली होती. भूपेंद्र आला आणि दुसऱ्या टोकाला बसला. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा.

"मले कायम करतीन का नाई, आता सांगता येत नाई," तो म्हणाला.

"माझ्यामुळं."

"थोडं तुमच्यामुळं. थोडं माझ्या गप्प बसण्यामुळं."

"गप्प काऊन बसले? एक शब्द बोलले असते तं मी कायले ते करती?"

"भेव वाटलं."

"कायचं?"

"तुमी नाई म्हणाल त्याचं. मंग रोज काचेतून तुमाले पाहाचं, आन् पाहाचं नाई म्हणून सोताले दम द्याचा..." त्यानं बाही झटकली. कापूस उडाला आणि पुन्हा तिथंच बसला. "दीपमालाबाई गावच्या आहे, म्हणून हसतात-बोलतात. माझ्या मनात काई नव्हतं."

"तिच्या मनात होतं," आचल म्हणाली.

त्याला ते खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना तिनं पाहिलं, आणि त्या भोळेपणाबद्दल तिला त्याचा राग आला, आणि रागासकट तो आणखी आवडला.

"एका शाखेत राहता येत नाई म्हणे," तो जपून म्हणाला. "म्हणजे... जर असंन तं. मी बदली मागू शकतो. आर्वीले जागा आहे."

"आर्वीले कोण कोण आहे?"

"मॅनेजर बाबाराव. एक रोखपाल. रुपेश नावाचा एक क्लार्क."

"बाया?"

"एक आहे."

आचल सरळ बसली. "कोण?"

"धुरपताबाई. झाडझूड करते, पाणी भरते. तिचा नातू कालेजात आहे."

"हसते काय?"

"दात नाई तिले."

"मंग हरकत नाई," आचल म्हणाली. "मागा आर्वी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. काय ऐकलं ते मनात पुन्हा लावून पाहत असावा. "म्हणजे... तुमी हो म्हणून राह्यल्या?"

वर्ध्याची गाडी वळणावर आली होती. आचलनं पर्स उचलली, आणि तो बसला होता तिथं मधल्या रिकाम्या जागेतून चालत आली. त्याच्या खांद्यावरचा कापसाचा पुंजका दोन बोटांनी उचलला.

"रविवारी घरी येजा," ती म्हणाली. "पिपरीले, पाण्याच्या टाकीमागं, निळ्या फाटकाचं घर. आई काई इचारणार नाई, ते माझं तोंड पाहूनच समजंन तिले. बाबाले मात्र कमी ऐकू येते. दारातूनच जोरात जयभीम म्हणजा. आन् मंग माझ्याबद्दल जे सांगाचं ते त्याहून जोरात सांगजा. शेजारच्याईले ऐकू गेलं तं जाऊ द्या."

आणि ती गाडीत चढली.